पंपावर रोख, कार्ड की यूपीआय? धंद्याचा नफा डिझेलच्या टाकीतून कुठे गळतो ते बघा



नवा धंदा सुरू करणाऱ्या माणसाला खर्च विचारा. दुकानाचं भाडं तो पटकन सांगतो. मालाचा भाव सांगतो, लाईट बिल सांगतो, कर्जाचा हप्ता तर झोपेतही सांगेल. मग विचारा, "भाऊ, महिन्याला डिझेल किती लागतं?" तिथे उत्तर येतं, "असंच, रोजचे पाचशे धरा."

हे 'धरा' फार महाग पडतं. आजचा लेख त्या एका शब्दावर आहे. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

प्रश्न साधा आहे: पेट्रोल पंपावर पैसे कसे द्यायचे? रोख, कार्ड की यूपीआय? बहुतेक जण याचं उत्तर सोयीवर देतात. खिशात नोट असली तर नोट, नसली तर मोबाईल. घरच्या गाडीला हे चालतं. धंद्याच्या गाडीला मात्र हे उत्तर हिशोबावरच द्यावं लागतं.

अमळनेरच्या एका गाडीचा हिशोब

समजा तुम्ही अमळनेरला राहता. कर्ज काढून छोटा हत्ती घेतलाय. सकाळी गावात माल भरायचा, धुळ्याला टाकायचा, येताना तिकडून किराणा माल आणायचा. मध्ये एखादी डिलिव्हरी पारोळ्याची. रोजचं रनिंग धरू ८० किलोमीटर. गाडीचं अ‍ॅव्हरेज १६. डिझेल, हिशोब सोपा जावा म्हणून, ९० रुपये लिटर धरू. तुम्ही तुमच्या पंपावरचा आजचा भाव आणि तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज टाका.

८० भागिले १६ म्हणजे ५ लिटर. ५ लिटरचे ४५० रुपये. महिन्यात २६ दिवस गाडी पळाली तर १३० लिटर, म्हणजे ११,७०० रुपये.

आता तुम्ही प्रत्यक्षात काय करता? गल्ल्यातून पाचशेची नोट काढता आणि पंपावर म्हणता, "पाचशेचं टाक रे भो." २६ दिवसांचे झाले १३,०००. हिशोबापेक्षा १,३०० रुपये जास्त. वर्षाचे १५,६००.

टाकी काही भरून वाहत नाहीये. म्हणजे ते डिझेल कुठेतरी गेलंय. चार शक्यता आहेत. एक, गाडी रोज ८० पेक्षा जास्त पळतेय, कारण घरची कामं, लग्नाचं सामान, मित्राचं पोतं हे सगळं त्याच गाडीवर होतंय. दोन, माल भरेपर्यंत गाडी नुसतीच चालू ठेवली जातेय. तीन, टायरमध्ये हवा कमी आहे किंवा फिल्टर चोक आहे आणि अ‍ॅव्हरेज पडलंय. चार, डिझेल टाकीत पूर्ण पडतच नाही किंवा पडून बाहेर निघतंय.

यातलं नेमकं काय घडतंय हे कळायला कागद लागतो. पाचशेची नोट गेली आणि पावती घेतली नाही, तर मागे काहीच उरत नाही. आणि तुम्ही तर ४५० चा खर्च धरून व्यापाऱ्याला भाड्याचा रेट दिलाय. म्हणजे फरक व्यापारी देत नाही, तुमच्या हप्त्याच्या पैशातून जातो.

पहिला नियम: रुपये नाही, लिटर लिहा

पैसे कसे द्यायचे हे ठरवण्याआधी ही सवय लावा, कारण ती नसेल तर बाकी सगळं फुकट.

१६ जून २०१७ पासून देशभरात पेट्रोल-डिझेलचे दर रोज ठरवायची पद्धत सुरू झाली. त्याआधी दर पंधरा दिवसांनी बदलत. आता सकाळी ६ वाजता नवा दर लागू होतो. कधी महिनोन्‌महिने दर हलत नाही, कधी रोज काही पैशांनी सरकतो. म्हणून 'पाचशेचं' या शब्दाला काही अर्थ नाही. पाचशेत आज किती आलं, उद्या किती येईल, सांगता येत नाही. गाडी मात्र रुपयांवर पळत नाही, लिटरवर पळते.

करायचं काय? महिन्यातून एकदा टाकी फुल करा आणि किलोमीटरचं रीडिंग लिहा. पुढच्या फुल टाकीपर्यंत जेवढं डिझेल भरलं ते सगळे लिटर बेरीज करा. पळालेले किलोमीटर भागिले लिटर, हे तुमचं खरं अ‍ॅव्हरेज. कंपनीच्या जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज भिंतीवर लावा, रेट काढायला हे वापरा.

पंपावर आणखी दोन गोष्टी. मीटर शून्यावर आहे का ते बघा, आणि छापील बिल मागा. त्यावर तारीख, लिटर, दर आणि रक्कम असते. गाडीचा नंबर नसेल तर पेनाने लिहा. हा कागद थर्मल असतो, दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडतात. म्हणून लगेच मोबाईलमध्ये फोटो काढा, पण नोझलजवळ नाही, बाजूला जाऊन. माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवा असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर छापे टाकून चिप बसवलेल्या मशीन पकडल्या होत्या. सगळे पंप तसे नसतात, पण मोजून घ्यायला लाजू नका. तुम्ही किराणा दुकानातही काट्याकडे बघताच ना?

रोख: चांगलं काय, वाईट काय

रोखीला शिव्या देणारे खूप आहेत, मी देणार नाही. रोखीला नेटवर्क लागत नाही, सर्व्हर डाऊन होत नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, मंगळवारी मंगळग्रह मंदिरावर गर्दी असते. अशा दिवशी मोबाईलवर गोल चक्र फिरत बसलं तर खिशातली नोटच कामाला येते. शिवाय रोखीला मर्यादा आपोआप असते. खिशात आहे तेवढंच जातं.

२०२५ मध्ये टोलनाक्यावर फास्टॅग नसेल आणि रोख दिली तर दुप्पट टोल बसत होता. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात यूपीआयला सूट मिळाली, तिथे सव्वापट. पंपावर असा काही दंड नाही. रोख देणं पूर्णपणे कायदेशीर आहे.

मग अडचण कुठे? तीन ठिकाणी.

पहिली, गल्ल्यातली नोट. दुपारच्या विक्रीतून पाचशे काढले, पंपावर दिले. संध्याकाळी गल्ला मोजताना ते पाचशे विक्रीतही दिसत नाहीत आणि खर्चातही नाहीत. तुमची विक्री कमी दिसते, खर्चही कमी दिसतो, आणि धंदा कसा चाललाय हे कुणालाच कळत नाही, तुम्हालाही.

दुसरी, ड्रायव्हरच्या हातातली नोट. ड्रायव्हर प्रामाणिक असतो असं धरूनच चाला. पण प्रामाणिक माणसालाही हिशोब द्यायला कागद लागतो. नाहीतर एक दिवस तुम्ही त्याच्यावर उगाच संशय घेता आणि चांगला माणूस सोडून जातो.

तिसरी, आयकराची. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४०अ(३) आहे. धंद्याच्या खर्चापोटी एका व्यक्तीला किंवा फर्मला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च करासाठी धरला जात नाही. फक्त वरचा भाग नाही, पूर्ण रक्कम. मालवाहतूकदाराला वाहतुकीसाठी रोख दिली तर ही मर्यादा ३५,००० आहे. पंपाला डिझेलचे पैसे देणं हे त्यात बसेलच असं गृहीत धरू नका. सकाळी सहा हजार आणि संध्याकाळी सहा हजार असं एकाच पंपावर तोडून दिलं तरी दिवसाची बेरीज बारा हजारच होते. एका गाडीवाल्याला हे लागत नाही. पण तीन गाड्या, एक जेसीबी झाला, आणि मालकाने एकाच पंपावर रोज रोख मोजली, तर वर्षाअखेरीस धक्का बसतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत. म्हणून सीएकडे जाताना नंबर पाठ करून जाऊ नका. प्रश्न घेऊन जा: "माझा रोखीचा डिझेल खर्च मान्य होतो का?"

कार्ड: सवलतीच्या मागे धावू नका

कार्डाची गोष्ट समजायला थोडं मागे जाऊ.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र सगळ्यांना आठवते. पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा बंद झाल्या, पण पंपांवर जुनी पाचशेची नोट २ डिसेंबरपर्यंत चालली. पंपांवर रांगा लागल्या. मग ८ डिसेंबरला अर्थमंत्री अरुण जेटली यांनी जाहीर केलं की पेट्रोल-डिझेलचे पैसे डिजिटल दिले तर ०.७५ टक्के सवलत. पाचशेच्या डिझेलवर पावणेचार रुपये. लोक कार्ड घासायला लागले.

महिना झाला आणि उलटंच घडलं. काही बँकांनी कार्डाच्या व्यवहारावर पंपचालकांकडून एक टक्क्यापर्यंत शुल्क घ्यायचं ठरवलं. पंपचालकांच्या संघटनेने जाहीर केलं, ९ जानेवारी २०१७ पासून कार्ड घेणार नाही. सरकारला मध्ये पडावं लागलं, तेव्हा तो निर्णय पुढे ढकलला गेला.

इथे थांबा, कारण यात तुमच्यासाठी मोठा धडा आहे. एक टक्का म्हणजे काय एवढं, असं आपण म्हणतो. पण पंपचालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं, काही रुपये फक्त. डिझेल ९० रुपये असेल तर एक टक्का म्हणजे ९० पैसे. ते ९० पैसे विक्रीतून नाही, त्याच्या त्या काही रुपयांतून जातात. टक्का लागतो विक्रीवर आणि कापला जातो नफ्यातून. तुमचा नफा शंभराला दहा रुपये असेल आणि एखादं अ‍ॅप, एखादी मशीन, एखादा दलाल तुमच्याकडून 'फक्त एक टक्का' मागत असेल, तर तो तुमच्या नफ्याचा दहावा हिस्सा मागतोय. सही करण्याआधी हा गुणाकार करा.

आणि ती सवलत? ती आधी कमी झाली आणि क्रेडिट कार्डावरची तर १ ऑक्टोबर २०१९ पासून बंदच झाली. सवलती येतात आणि जातात. त्यांच्या भरवशावर पद्धत ठरवली तर दर दोन वर्षांनी पद्धत बदलावी लागेल.

आता आजच्या क्रेडिट कार्डाचं बघू. पंपावर क्रेडिट कार्ड वापरलं की साधारण एक टक्का फ्युएल सरचार्ज लागतो. बरीच कार्डं तो परत देतात, पण अटीवर. चारशे-पाचशेच्या खालच्या बिलाला किंवा चार-पाच हजाराच्या वरच्या बिलाला बहुतेक वेळा सूट नसते, आणि महिन्याची कमाल मर्यादाही असते. दोन हजारांच्या डिझेलवर २० रुपये सरचार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये ६० पैसे. वीस परत आले तरी जीएसटीचे ते साडेतीन रुपये सहसा परत येत नाहीत. तुमच्या कार्डाच्या अटी काय आहेत ते बँकेच्या कागदात वाचा.

क्रेडिट कार्डाचा खरा फायदा वेगळा आहे. तुम्हाला साधारण ४५ ते ५० दिवस बिनव्याजी मिळू शकतात. व्यापारी तुम्हाला महिन्याने पैसे देत असेल तर ही मुदत सोन्यासारखी. पण एकाच अटीवर: तारखेला पूर्ण बिल भरायचं. 'मिनिमम ड्यू' भरून पुढे ढकललं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं. १३,००० च्या डिझेलवर महिन्याला ४५५ रुपये. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या गाडीचं एका दिवसाचं डिझेल तुम्ही बँकेला फुकट दिलं. शिवाय जुनं बिल बाकी असेल तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्याला तारीख पाळायची सवय नाही, त्याने डेबिट कार्ड वापरावं. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, म्हणून कुणी कुरकुरही करत नाही.

यूपीआय: सोपं आहे, म्हणून सांभाळून

बँक खात्यातून यूपीआयने दिलं तर तुम्हालाही शुल्क नाही आणि पंपालाही नाही. तारीख, वेळ, रक्कम, पंपाचं नाव, सगळं आपोआप नोंदलं जातं. छोट्या धंद्याला आजच्या घडीला याच्याइतकी स्वस्त नोंदवही दुसरी नाही.

पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, यूपीआयच्या नोंदीत रुपये असतात, लिटर नसतात. म्हणून पावती हवीच. पैसे देताना शेरा लिहायची जागा दिसली तर तिथे गाडीचा नंबर आणि लिटर टाका. दहा सेकंदांचं काम आहे.

दोन, पैसे कापले गेले पण पंपाच्या साउंडबॉक्सवर आवाजच आला नाही, तर? घाबरू नका, भांडूही नका. तो बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेला असा अडकलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप परत यायला हवा. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. पण त्या क्षणी पंपवाल्याला त्याचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून गाडीत हजार रुपये रोख कायम असू द्या. त्या नोटा फक्त याच कामासाठी.

तीन, ही सगळ्यात महत्त्वाची.

मे २०२५ मध्ये विदर्भातल्या पेट्रोल पंप चालकांच्या संघटनेने इशारा दिला की १० मे पासून यूपीआय आणि कार्ड घेणार नाही. जिथे रोज एवढी उलाढाल, तिथे असं का? कारण सायबर चोर लोकांचे पैसे लुबाडतात आणि ते पैसे फिरवत फिरवत कुठेतरी खर्च करतात, त्यात पंपही येतात. मग ज्याचे पैसे गेले तो तक्रार करतो, तपास पैशाच्या मागावर निघतो, आणि ज्या ज्या खात्यात तो पैसा गेला ती खाती गोठवली जातात. पंपवाल्याने पेट्रोल दिलंय, पैसे प्रामाणिकपणे घेतलेत, तरी खातं बंद. कंपनीला पुढच्या टँकरचे पैसे भरायचे कसे?

आता पंपाच्या जागी तुमचा चहाचा गाडा, तुमची पिठाची गिरणी, तुमचं मोबाईलचं दुकान ठेवा. क्यूआर तुमच्याकडेही आहे. पंपवाल्याकडे निदान संघटना आहे. तुमचं एकच खातं असेल आणि तेच गोठलं, तर हप्ता, माल, मुलांची फी, सगळं अडकलं. म्हणून:

क्यूआरचं खातं वेगळं ठेवा. रोज संध्याकाळी त्यातला मोठा भाग दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळवा.

"दोन हजार यूपीआय करतो, मला रोख द्या" असं अनोळखी माणूस म्हणाला तर हात जोडा. चोरीचा पैसा रोख करायचा हा सोपा रस्ता आहे.

मोठ्या विक्रीचं बिल करा, ग्राहकाचं नाव लिहा.

खातं गोठलंच तर बँकेकडून लेखी विचारा: कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार, नंबर काय, किती रकमेवर रोख आहे. बिल आणि पुरावे जोडून अर्ज द्या आणि मागणी करा की वादातली रक्कमच अडकवा, पूर्ण खातं नको. आणि तुमचे स्वतःचे पैसे कुणी लुबाडले तर लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे सापडायची शक्यता जास्त.

दोन-तीन गाड्या झाल्या की

धंदा वाढला की तुम्ही स्वतः पंपावर जात नाही. मग दोन रस्ते.

पहिला जुना आणि आपल्या भागात सगळ्यांना माहीत असलेला: पंपावर खातं, मालकाच्या सहीची चिठ्ठी, महिन्याला बिल. उधारी मिळते, ड्रायव्हरच्या हातात पैसे द्यावे लागत नाहीत. पण चिठ्ठीवर गाडीचा नंबर, तारीख आणि लिटर तुम्हीच लिहायचे, कोरी सही द्यायची नाही. महिन्याचं बिल आलं की एकेक चिठ्ठी समोर ठेवून टिक करायची. जो मालक न बघता बिल भरतो, त्याच्या गाडीला गावातलं डिझेल पुरत नाही!

दुसरा रस्ता फ्लीट कार्डाचा. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस. आधी पैसे भरायचे, प्रत्येक गाडीला कार्ड, कार्डाला मर्यादा, आणि तुमच्याकडे गाडीनिहाय नोंद. दोन गाड्या असल्या तरी चौकशी करायला हरकत नाही.

एक गैरसमज आणि दोन फायदे

गैरसमज आधी. बरेच जण पंपावर जीएसटी नंबर सांगतात आणि म्हणतात, "इनपुट मिळेल." मिळत नाही. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीत नाहीत, त्यावर राज्याचा व्हॅट आहे. म्हणून डिझेलवरच्या कराची वजावट जीएसटीत घेता येत नाही. तो पूर्ण खर्च तुमच्या अंगावर आहे, आणि म्हणूनच तुमच्या रेटमध्ये तो पूर्ण धरलेला पाहिजे. पावती लागते ती आयकराच्या खर्चासाठी आणि तुमच्या स्वतःच्या हिशोबासाठी.

पहिला फायदा, ग्राहकाकडून पैसे घेताना. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४अड प्रमाणे छोटा व्यापारी वह्यांच्या भानगडीत न पडता विक्रीच्या ठरावीक टक्के नफा दाखवू शकतो. रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. वीस लाखांची विक्री सगळी रोख असेल तर नफा १ लाख ६० हजार धरला जातो, सगळी बँकेतून आली तर १ लाख २० हजार. मालवाहतुकीच्या गाडीला मात्र हे कलम नाही, तिला ४४अई आहे: बारा टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. दोन्हीत डिझेलची वेगळी वजावट मागायची नसते. मग काही जण म्हणतात, पावत्या कशाला? अहो, कर हा सरकारचा हिशोब झाला. तुमचा खरा नफा त्यात दिसत नाही, तो तुमच्या वहीत दिसतो.

दुसरा फायदा बँकेचा. आज मुद्रा कर्जावर एक गाडी घेतली. दोन वर्षांनी दुसरी घ्यायची आहे. बँक अधिकारी तुमचा चेहरा बघत नाही, स्टेटमेंट बघतो. भाडं रोख घेतलं, डिझेल रोख भरलं, तर स्टेटमेंटमध्ये फक्त हप्ता कापलेला दिसतो. धंदा दिसतच नाही. भाडं खात्यात आलं, डिझेल खात्यातून गेलं, हप्ता वेळेवर गेला आणि तरी काही शिल्लक राहिलं, तर न बोलता तुमची बाजू मांडली जाते.

१९४५ साली याच अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तेलाची कंपनी उभी राहिली, तीच पुढे विप्रो झाली. त्या कंपनीचे शेअर पिढ्यानपिढ्या सांभाळून ठेवणारी घरं गावात आहेत. कागद जपला तर तो उद्या कामाला येतो, हे अमळनेरकराला शिकवायला नको. तीच सवय पंपाच्या पावतीला लावायची आहे.

मग ठरवायचं काय?

एक गाडी आणि तुम्हीच ड्रायव्हर असाल, तर धंद्याच्या खात्यातून यूपीआय किंवा डेबिट कार्ड, आणि गाडीत हजार रुपये रोख.

व्यापारी पैसे महिन्याने देत असेल आणि तुम्ही तारीख पाळणारे असाल, तर क्रेडिट कार्ड, पण बिल पूर्ण भरायचं आणि सरचार्जची अट बघून एकदम भरायचं.

ड्रायव्हर ठेवलाय, तर चिठ्ठी किंवा फ्लीट कार्ड.

आणि कशातूनही पैसे द्या, घरच्या मोटारसायकलचं पेट्रोल धंद्याच्या खात्यातून भरायचं नाही. ते घरखर्चात.

आता गृहपाठ. उद्या सकाळी टाकी फुल करा, रीडिंग लिहा. पुढचे तीस दिवस प्रत्येक वेळी चारच गोष्टी वहीत लिहा: तारीख, रीडिंग, लिटर, रुपये. एकतिसाव्या दिवशी पुन्हा टाकी फुल करा आणि दोन आकडे काढा, खरं अ‍ॅव्हरेज आणि किलोमीटरमागे डिझेलचा खर्च. आपल्या उदाहरणात तो ४५० भागिले ८०, म्हणजे ५ रुपये ६२ पैसे यायला हवा होता. पाचशेच्या नोटेने तो ६ रुपये २५ पैसे झाला. तुमचा किती येतो ते बघा. मग तो आकडा घेऊन त्या व्यापाऱ्याकडे जा, ज्याला तुम्ही अंदाजाने रेट दिला होता. या वेळी 'धरा' म्हणू नका, वही उघडून आकडा सांगा.